ट्राउट आणि कंबर : दोष नेमका कोठे?

खाण्यासाठी पकडलेल्या माशाची प्रत तो पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात ठरते, पण ती बिघडल्याचे ध्यानात येते ते ताटात. कंबरेचे दुखणेही चुकीच्या वाकण्या-उचलण्यातून बरेच दिवस साचत राहते आणि एखाद्या सकाळी बुटाची नाडी बांधताना अचानक बोलू लागते. कारण आणि तक्रार यांच्यात असे अंतर पडले की दोष साखळीतल्या शेवटच्या माणसावर ढकलणे सोपे जाते, आणि हा शेवटचा माणूस माशाच्या बाबतीत स्वयंपाकी असतो, तर कंबरेच्या बाबतीत खुद्द दुखणेकरी. हिमाचल प्रदेशात तीर्थन नदीकाठच्या एका मुक्कामात, आणि त्यानंतर पुण्यातल्या एका जिममध्ये, प्रस्तुत लेखकाने ही ढकलाढकल जवळून पाहिली असून दोन्ही ठिकाणी सल्ला देणाऱ्याचा आवाज त्याच्या माहितीपेक्षा बराच मोठा होता, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

ट्राउट हा थंड, वाहत्या आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात राहणारा, सॅमनच्या कुळातला मासा होय. तो भारतातला मूळचा नाही. ब्रिटिश अंमलात गळाची हौस असलेल्या साहेबलोकांसाठी त्याची अंडी बाहेरून आणली गेली, काश्मीरसाठीची १८९९ मधली पहिली खेप वाया गेली, १९०० मधली दुसरी तगली, आणि कुलूच्या खोऱ्यात हा मासा १९०९ च्या सुमारास आला. आज हिमालयाच्या नद्यांत मुख्यतः ब्राउन ट्राउट, म्हणजे अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेली जात, आढळते, तर मत्स्यशेतीच्या वाहत्या हौदांत रेनबो ट्राउट, म्हणजे कुशीवर गुलाबी पट्टा असलेली जात, वाढवली जाते. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावून लारजीजवळ बियासला मिळणारी तीर्थन ब्राउन ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. तेथे गळ टाकण्यास राज्याच्या मत्स्यविभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, म्हणजे अंडी घालण्याच्या व उबण्याच्या काळात, ट्राउटची मासेमारी बंद असते. माशाची किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात यांचे नियम परवान्याबरोबर मिळतात, आणि ते आपण स्वतः वाचावेत, कारण वाटाड्या ते ‘साधारण असे आहेत’ म्हणून सांगतो.

तीर्थनवर लाभलेल्या वाटाड्याचा नदीचा अभ्यास चांगला होता हे मान्य केलेच पाहिजे. कोणत्या खडकाआड मासा दबून असतो आणि कोणत्या वेळी तो गळाला तोंड लावतो हे तो बिनचूक सांगे. मासा हाती आला की मात्र त्याचे ज्ञान संपत असे आणि आत्मविश्वास तसाच शिल्लक राही. पकडलेला प्रत्येक मासा त्याने कल्ल्यांतून सुतळी ओवून काठच्या उथळ, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात जिवंत बांधून ठेवला, जेथे तो बराच वेळ तडफडत राहिला. दुपारी सगळे मासे न साफ करता एका पॉलिथिनच्या पिशवीत कोंबले, पिशवीचे तोंड गच्च बांधले आणि ती गाडीत पायाशी ठेवली. बर्फाविषयी विचारले असता ‘पहाडात बर्फाची काय गरज, साहब’ असे उत्तर मिळाले. इंग्लंडहून टास्मानियाला १८६४ मध्ये ट्राउटची अंडी ओल्या शेवाळात आणि बर्फात ठेवून, शिडाच्या जहाजातून अनेक आठवड्यांचा प्रवास करून जिवंत पोचवली गेली होती. तीर्थनच्या खोऱ्यातल्या त्या काही किलोमीटरांसाठी बर्फाचा एक तुकडा मिळू नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

या प्रकाराने नेमके काय बिघडते हे समजून घेण्यासाठी माशाच्या स्नायूंकडे पाहावे लागते. मेल्यानंतर स्नायूंतले ऊर्जाद्रव्य संपत जाते, ते संपल्यावर स्नायू आखडून ताठ होतात आणि काही काळाने पुन्हा सैल पडतात, या अवस्थेला मरणोत्तर ताठरता म्हणतात. गळावर उगाच लांबवलेल्या झुंजीत किंवा सुतळीला बांधलेल्या अवस्थेत मासा तडफडला तर हे ऊर्जाद्रव्य जिवंतपणीच खर्ची पडते, स्नायूंत आम्ल साचते, आणि त्यातच शरीर गरम असेल तर ताठरता लवकर व जोरात येऊन स्नायूंच्या पट्ट्यांना जोडणारे पातळ पापुद्रे फाटतात. असा मासा कापला की मांसात फटी दिसतात आणि शिजवल्यावर तो तव्यावरच विस्कटतो. दुसरे बिघडणे पोटातून सुरू होते, कारण मासा मेला तरी त्याच्या जठरातले आणि आतड्यातले पाचकरस मरत नाहीत, आणि भरपूर खाल्लेल्या माशात तर ते पोटाची भिंतच पचवू लागतात. तिसरे काम जिवाणूंचे, जे कल्ल्यांत, आतड्यांत आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात असतात व उबेत झपाट्याने वाढतात. बंद पॉलिथिनची पिशवी या तिन्ही क्रियांना हवी तशी ऊब आणि ओल पुरवते.

संध्याकाळी मुक्कामाच्या स्वयंपाकघरात पहिला मासा चिरला गेला तेव्हा सगळे एका नजरेत कळून चुकले. पोट उघडताच बरगडीचे बारीक काटे मांसापासून आपोआप सुटे होऊन आत डोकावत होते, पोटाचे अस्तर विरघळल्यासारखे मऊ पडले होते, आणि कण्यालगतचा लालसर-काळा पट्टा बोट लावताच पसरत होता. मासा मेल्यावर बराच वेळ पोट साफ न केल्याची आणि तो उबेत राहिल्याची याहून स्पष्ट खूण नाही, आणि कोकणातल्या हर्णै बंदरातील मासळीच्या लिलावाशेजारी लहानपण गेलेल्या माणसाला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. स्वयंपाकी बिचारा मान खाली घालून मसाला वाटत राहिला. मासे तव्यावर गेले, भुगा झाले, आणि जेवणाऱ्यांनी तोंड वाकडे केले ते त्याच्याकडे पाहून. वाटाड्याचे म्हणणे असे की पहाडी पाण्याचा मासा नाजूकच असतो, आणि स्वयंपाक्याने तवा पुरेसा तापवला नाही. बक्षिसी मात्र त्याने पूर्ण मागितली, आणि ती कमी मिळाल्यावर पुण्याच्या लोकांना माशातले काय कळते, असे मुक्कामाच्या मालकाला सांगितले, जे मालकाने दुसऱ्या दिवशी हसत हसत कळवले. त्याच दिवशी खोऱ्यातल्या एका मत्स्यशेतीतून हौदातून काढताक्षणी मारून साफ केलेले आणि बर्फात ठेवलेले मासे आणवले गेले. त्याच स्वयंपाक्याने, त्याच तव्यावर, त्याच मोहरीच्या तेलात ते तळले आणि एकही तुकडी मोडली नाही. हौदातला रेनबो आणि नदीतला ब्राउन यांत जातीचा फरक आहेच, पण बरगड्या सुटण्याचे स्पष्टीकरण जात बदलून देता येत नाही. स्वयंपाक्याची कोणी माफी मागितली नाही.

पद्धत अवघड नाही. खाण्यासाठी ठेवायचा मासा शक्य तितक्या लवकर काठावर घ्यावा आणि लगेच मारावा. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या वरच्या भागावर एखाद्या आखूड, जड दांडक्याचे एक-दोन नेमके तडाखे दिले की तो बेशुद्ध होतो, आणि हा मार्ग त्याला हवेत गुदमरू देण्यापेक्षा दयेचा आहे व चवीलाही चांगला आहे. त्यानंतर लगेच कल्ल्यांच्या मुळाशी सुरी फिरवून रक्त वाहू द्यावे. मग गुदद्वारापासून गळ्यापर्यंत पोट चिरावे, सुरीचे टोक वरवर ठेवावे व धार बाहेरच्या बाजूस असावी, म्हणजे आतडे किंवा पित्ताची पिशवी फुटत नाही, कारण पित्त सांडलेल्या जागी मांस हिरवट व कडू होते. आतडी आणि कल्ले एकदमच ओढून काढता येतात. शेवटी कण्याला चिकटलेला काळपट पट्टा अंगठ्याच्या नखाने किंवा चहाच्या चमच्याने खरवडावा. अनेक जण त्याला साकळलेले रक्त समजतात, प्रत्यक्षात ते माशाचे मूत्रपिंड असते, आणि ते राहिले तर तुकडीला उग्र, कडवट वास येतो. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की ते काढण्याची गरज नसते. एकदाच थंड, स्वच्छ पाण्याने खळबळून मासा पुसून कोरडा करावा, पाण्यात भिजत ठेवू नये. घाण नदीत फेकू नये.

बर्फाबाबत थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण सर्वात जास्त गैरसमज येथेच आढळतात. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो, आणि एक किलो मासा २० अंश सेल्सियसवरून शून्यावर आणण्यास त्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा पुरतो. व्यवहारात मात्र पेटीच्या भिंतींतून उष्णता आत येत राहते, म्हणून माशाइतकाच बर्फ बरोबर असावा. मोठे तुकडे अंगावर ठेवण्यापेक्षा बर्फ फोडून पोटात, कल्ल्यांच्या जागी आणि चहूबाजूंनी भरावा, आणि पेटीला खाली पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी, नाही तर मासा वितळलेल्या पाण्यात पोहत राहतो, त्याची चव धुऊन जाते आणि कातडे पांढरट पडते. बर्फ खरोखरच मिळत नसेल तर साफ केलेला मासा ओल्या गवतात किंवा नेच्याच्या पानांत गुंडाळून वेताच्या टोपलीत सावलीत ठेवावा. पाण्याच्या बाष्पीभवनाने तो थंड राहतो आणि हवा खेळती राहते. जुन्या काळचे गळवाले वेताची टोपली वापरत ती याचसाठी. पॉलिथिनने ती हद्दपार केली ही प्रगती म्हणावी की काय, हे वाचकाने ठरवावे.

तुकड्या करायच्या असल्यास त्या ताठरता येण्यापूर्वी किंवा ती उतरल्यावर कराव्यात, ताठ अवस्थेत मासा वाकवून कापू नये. गोड्या पाण्यातल्या सॅमन कुळातल्या माशांत फीतकृमीची, म्हणजे माणसाच्या आतड्यात वाढू शकणाऱ्या चपट्या जंताची, अळी असू शकते, म्हणून ट्राउट कच्चा खायचा असल्यास तो आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा. शिजवताना जाड भागाच्या मध्यभागी ६३ अंशांपर्यंत उष्णता पोचली म्हणजे काळजी नाही. कोकणातल्या वाचकांसाठी एक जोड : बांगड्यासारख्या माशात उबेमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, जे शिजवल्याने नष्ट होत नाही आणि खाणाऱ्याला चेहरा लाल होणे, डोके दुखणे असा त्रास देते, ट्राउटमध्ये हा धोका फारसा नाही, पण म्हणून तो उन्हात ठेवण्यास मोकळीक मिळते असे नाही. बाकी ताजेपणाच्या खुणा सर्वांना ठाऊक आहेत.

आता कंबरेकडे वळावे. दिवसभर खडकांवर ओणवे राहून मासे काढणे, थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहणे आणि पाठीवर ओझे घेऊन चढ चढणे यानंतर प्रस्तुत लेखकाची कंबर धरली, म्हणजे तिच्या खालच्या भागात अशी चमक भरली की सरळ उभे राहणे कठीण झाले. (मासे साफ करताना कमरेतून वाकू नये, एक गुडघा टेकून बसावे किंवा मासा छातीपर्यंत येईल अशा उंच दगडावर ठेवावा, हा उपाय नंतर एका फिजिओथेरपिस्टने सांगितला, तो वाटाड्यानेच सांगायला हवा होता, कारण तो स्वतः तसाच बसत होता.) बहुतेक कंबरदुखीचे एखादे ठराविक शारीरिक कारण दाखवता येत नाही आणि ती काही आठवड्यांत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातल्या सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, म्हणजे तिच्या उपचारांची बाजारपेठ किती मोठी आहे याची कल्पना यावी.

पुण्यातल्या जिममध्ये त्या बाजारपेठेचे दर्शन घडले. वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन झाल्यावर तेथील तरुण ट्रेनरने दुखणे कशाने वाढते, कशाने उतरते, दिवसाच्या कोणत्या वेळी असते, पायात कळ जाते का, यांपैकी एकही प्रश्न न विचारता ‘कंबर वीक आहे, सर, स्ट्राँग करू’ एवढे निदान केले आणि पहाटेच्या पहिल्या तुकडीत सिटअप, पायाच्या अंगठ्याला हात लावणे, आणि पाठ मागे उचलण्याच्या यंत्रावर छातीशी वजनाची चकती धरून धड खालीवर करणे असा क्रम लावून दिला. दोन मणक्यांच्या मध्ये जी लवचिक गादी असते तिच्यात रात्रभर झोपेत पाणी भरते, त्यामुळे सकाळी ती फुगलेली व ताणलेली असते आणि त्याच वेळी पूर्ण वाकण्याचा ताण तिला सर्वाधिक जाचतो; १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ सकाळचे वाकणे टाळण्यास सांगितलेल्या रुग्णांचे जुने दुखणे कमी झाल्याचे आढळले आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले कण्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मापनानुसार एका पारंपरिक सिटअपमध्ये कंबरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३३५ किलो वजनाइतका, दाब येतो. धडधाकट माणसाला तो सोसतो. चमक भरलेल्या माणसाला पहाटे सहा वाजता तो का द्यावा, याचे उत्तर त्या जिममध्ये कोणाकडे नव्हते.

दुखणे नितंबातून पोटरीपर्यंत उतरल्यावर ट्रेनरला तसे सांगण्यात आले. त्याने आरशाकडे पाहत ‘दुखल्याशिवाय फायदा नाही, सर’ असे उत्तर दिले, वजन आणखी वाढवले, आणि पुढच्या खेपेस इतरांच्या देखत ‘मनाची तयारी लागते’ अशी भर घातली. वाटाड्याचा ‘नाजूक मासा’ आणि ट्रेनरची ‘मनाची तयारी’ यांचे कूळ एकच आहे हे त्या क्षणी उमगले : काम बिघडवणाऱ्याने बिघाडाचे कारण मालाच्या स्वभावात शोधायचे. स्नायूंचा शीण आणि पायात उतरणारी कळ हे दोन वेगळे प्रकार आहेत, पहिला दोन दिवसांत जातो, तर दुसरा म्हणजे मज्जातंतू चेपला किंवा चिडवला जात असल्याचा इशारा असतो. व्यायाम केल्यावर दुखणे कंबरेकडे गोळा होत असेल तर दिशा बरोबर, पायाकडे पसरत असेल तर तो व्यायाम त्या दिवशीच थांबवावा, मग समोरचा ट्रेनर कितीही पिळदार असो.

पुढे फिजिओथेरपिस्टने आधी बराच वेळ प्रश्न विचारले आणि मग व्यायाम दिले, तेही मॅकगिल यांच्याच तीन प्रसिद्ध प्रकारांतले. पहिल्यात उताणे निजून, एक गुडघा वाकवून आणि तळहात कंबरेच्या खोलगट भागाखाली ठेवून डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे असतात. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघे यांच्या आधाराने धड सरळ उचलून धरायचे. तिसऱ्यात हातगुडघ्यांवर ओणवे राहून एक हात पुढे व विरुद्ध बाजूचा पाय मागे ताणायचा, मात्र कंबर हलू द्यायची नाही. प्रत्येक स्थिती दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही आणि फेऱ्या उतरत्या क्रमाने करायच्या, म्हणजे थकव्याने ढब बिघडत नाही. याशिवाय खुब्यातून वाकण्याचा, म्हणजे पाठ सरळ ठेवून बैठक मागे नेत वाकण्याचा, सराव पाठीवर काठी धरून करता येतो. काठी डोके, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. हे व्यायाम इतर सर्वांपेक्षा श्रेष्ठ आहेत असे सिद्ध झालेले नाही, आणि कण्याचा मार्ग अरुंद झालेल्या वृद्धांना तर पुढे वाकल्यानेच आराम पडतो. म्हणूनच एकच यादी सर्वांच्या हाती देणारा ट्रेनर टाळावा. कंबर सावरल्यावर वजन उचलण्यास हरकत नसते, ते हळूहळू वाढवले तर हितकरच ठरते.

अंथरुणाला खिळून राहणे हा उपाय नाही. १९८६ मधल्या एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरली आणि कामावरचे खाडे कमी झाले. एमआरआयच्या अहवालात ‘गादी सरकली’ असे वाचून घाबरू नये, कारण १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची तपासणी झाली तेव्हा सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा येणे, पायातली शक्ती जाणे, ताप येणे किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नियमित चालावे, पुरेसे झोपावे.

जिममध्ये नाव घालण्यापूर्वी तेथील माणूस आपल्याला किती प्रश्न विचारतो हे पाहावे आणि पैसे महिन्याचेच भरावेत, पावतीवर परताव्याची अट लिहून घ्यावी. उपरोक्त जिमने उरलेल्या महिन्यांची रक्कम अद्याप परत केलेली नाही.